ओढ्याकाठचा कचरा : लोकसहभाग नेमका कुठे लावायचा?

प्रश्न : आमच्या सोसायटीमागून ओढा वाहतो, पुढे तो मुठेला मिळतो. पलीकडच्या काठाला वस्ती आहे. आम्ही काही रहिवासी अधूनमधून रविवारी ओढ्यात उतरून कचरा काढतो, पण पंधरा दिवसांत सगळं पुन्हा होतं तसं. लोकांना कचरा संकलनात सामील करून घेतलं तर नदीचं प्रदूषण खरोखर कमी होतं का? होत असेल तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर :

कमी होतं. पण कुठलं प्रदूषण आणि किती, हे आधी मनाशी स्पष्ट असू द्या. नाहीतर दोन वर्षं राबूनही पाणी काळंच दिसेल आणि तुमची माणसं ‘काही उपयोग नाही’ म्हणून घरी बसतील.

मुळा-मुठेचं सर्वांत जास्त नुकसान करतं ते मैलापाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तीत ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते. इतके कुठल्याच दुसऱ्या राज्यात नव्हते. ही यादी बीओडीवर ठरते, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो यावर. आंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत बीओडी चालतो. कच्च्या मैलापाण्यात तो दीड-दोनशेच्या पुढे असतो. त्यावरचा उपाय म्हणजे मैलापाणी वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं. पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्यातून ११ केंद्रांचा प्रकल्प त्यासाठीच आखला गेला. त्याचा पाठपुरावा नागरिकांनी करावाच, पण ते काम झाडू-टोपलीने होणारं नाही.

मग घरोघरच्या कचऱ्याचा पाण्याशी संबंध काय? लोकांच्या डोळ्यांपुढे तरंगणारी प्लास्टिकची पिशवी येते. ती दिसते म्हणून. खरं नुकसान तीन वाटांनी होतं, आणि त्यांतली पहिली वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

ती आहे ड्रेनेजचं चोकअप. डायपर, सॅनिटरी पॅड, फडकी, नारळाच्या शेंड्या, वेफरची पाकिटं हे सगळं चेंबरमध्ये जाऊन अडकतं. डायपर पाणी पिऊन फुगतो आणि सहा इंची लाइन सहज तुंबवतो. मागे तुंबलेलं मैलापाणी जवळच्या चेंबरच्या झाकणातून वर येतं, रस्त्याच्या उताराने पावसाळी गटारात आणि तिथून ओढ्यात. म्हणजे तुमच्या भागात मैलापाण्याची लाइन असून, पुढे केंद्र चालू असूनही, एका गल्लीतल्या न उचललेल्या कचऱ्यामुळे मैला थेट नदीला जातो. घनकचरा आणि सांडपाणी ही महापालिकांमध्ये दोन वेगळी खाती असतात, त्यामुळे हा दुवा कुणाच्याच फायलीत दिसत नाही. चोकअप काढणाऱ्या माणसाला विचारा, तो बांबूला काय लागतं ते नेमकं सांगेल.

दुसरी वाट लिचेटची. काठावर टाकलेला ओला कचरा कुजतो आणि त्यातून काळं पाणी सुटतं. त्याचा बीओडी हजारांत मोजावा लागतो, मैलापाण्याच्या कित्येक पट. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोभोवतालच्या विहिरी याच पाण्याने नासल्या आणि तिथल्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षं शहराच्या गाड्यांविरुद्ध आंदोलनं केली. तुमच्या ओढ्याकाठचा ढीग हे त्या डेपोचं छोटं रूप आहे. तिसरी वाट तुंबण्याची : प्लास्टिक आणि राडारोडा रस्त्याखालच्या मोरीत अडकला की पाणी उभं राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, डास आणि जलपर्णी दोन्ही फोफावतात. पावसाळ्यात हीच अडलेली मोरी पाणी वस्तीत घुसवते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. त्या पुराची मुख्य कारणं ढगफुटीसारखा पाऊस आणि आक्रसलेलं पात्र हीच होती. पण अरुंद पात्रात कचऱ्याने अर्ध्या बुजलेल्या मोऱ्यांना माफी नसते.

आता तुमच्या रविवारच्या मोहिमेबद्दल. मला ती नावडते असं नाही. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह यांनी २०१५ मध्ये सुरू केलेलं किनारा सफाईचं काम पाहून हजारो लोक बाहेर पडले, संयुक्त राष्ट्रांनी त्याची दखल घेतली. पण किनारा हा शहराचा शेवट आहे. तिथे जमलेला कचरा वरच्या कुठल्या गल्लीतून आला हे सांगता येत नाही. तुमचा ओढा मात्र अजून गल्लीच्या हाताशी आहे. इथे कचरा कुठून येतो ते बघता येतं आणि तिथेच थांबवता येतो. ही संधी सोडून खाली उतरून गाळ उपसण्यात रविवार घालवू नका. आधी संकलन बसवा, साफसफाई शेवटी एकदाच मोठी घ्या.

पहिलं काम म्हणजे ओढा चालून बघणं. सोसायटीपासून वरच्या अंगाला दीड-दोन किलोमीटर, शक्य झालं तर दोन्ही काठांनी. कचरा सगळीकडे सारखा पडत नाही, ठरलेल्या जागांवर पडतो. महापालिकेत त्यांना ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. प्रत्येक ढीग काठीने उकरून पाहा, त्यात काय आहे यावरून तो कुणाचा ते कळतं. काळ्या कॅरीबॅगला गाठ मारून टाकलेलं शिळं अन्न, पॅड, भाजीची देठं असतील तर ती घंटागाडी चुकलेली घरं. पिसं आणि आतडी असतील तर चिकनची दुकानं. कोबीचे पाले आणि अंड्यांची कवचं पोत्याने असतील तर रस्त्यावरच्या गाड्या. फोम आणि रेक्झिनची कापणं म्हणजे सोफा दुरुस्तीवाला. विटा, टाइल्स, जुनं कमोड हे बहुधा तुमच्यासारख्याच एखाद्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या नूतनीकरणाचं. ठेकेदाराने टेम्पोचं भाडं वाचवायला रात्री आणून ओतलेलं. पुलाच्या कठड्याखाली निर्माल्य. ही पाहणी झाली की ‘वस्तीवाले घाण करतात’ हे वाक्य आपोआप गळून पडतं. ते जितकं लवकर गळेल तितकं बरं, कारण पुढचं काम वस्तीशिवाय होणार नाही.

मग वेळ बघा. कचरा कुठल्या वेळी पडतो? माझ्या अनुभवात दोन वेळा ठरलेल्या : सकाळी साडेसहा ते साडेसात आणि रात्री दहानंतर. वस्तीतल्या बायका धुण्याभांड्याच्या कामांना सात वाजता घर सोडतात. घंटागाडी मुख्य रस्त्यावर येते नऊ वाजता, गाणं वाजवते आणि निघून जाते. गल्ली चार फुटांची, गाडी आत येऊ शकत नाही. आता दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर ओला कचरा कोण ठेवेल? तो वाटेत ओढ्यात जातो. त्या बाईला स्वच्छतेचं महत्त्व पटवून देणारं पथनाट्य मी अनेकदा पाहिलंय. तिला ते आधीच पटलेलं असतं, तिच्याकडे सकाळी सात वाजता कचरा घ्यायला कुणी नसतं एवढाच प्रश्न असतो. म्हणून जनजागृती, पोस्टर, शपथा यांवर पैसे घालवण्याआधी कचरा घेणारं माणूस दारात योग्य वेळी उभं करा.

हे माणूस कोण, याचं उत्तर पुण्यात तयार आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांची युनियन. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी घरोघर संकलनाचा करार केला. आज तीन हजारांवर सदस्य, बहुतांश बायका. दोघींची जोडी साधारण दोनशे-तीनशे घरं घेते. घरटी महिन्याचं शुल्क थेट तिला मिळतं, आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकायचा हक्कही तिचाच.

पाण्याच्या दृष्टीने या रचनेत दोन गोष्टी कामाच्या आहेत. ढकलगाडी आणि बादली घेऊन माणूस घंटागाडी जात नाही तिथे जातं. आणि तिची कमाई घरांवर अवलंबून असल्याने कुठल्या घराने चार दिवस कचरा दिला नाही हे तिला ठाऊक असतं. ठेक्यावरच्या गाडीचं बिल टनावर निघत असेल तर चालकाला एका घराने काय फरक पडतो? उलट भिजलेला, न वेगळा केलेला कचरा वजनाला जास्तच भरतो. कुठल्याही शहरात कराराचा मसुदा हाती आला तर आधी हे बघा की पैसे वजनावर आहेत की घरांवर.

दोष आहेत. वस्तीत शुल्क गोळा होणं कठीण जातं. महिनाअखेरीला दारात उभं राहून तेच ते मागणं तिलाही नकोसं होतं. मग ती वस्तीतली घरं सोडून सोसायट्या धरते, आणि नेमका ओढ्याकाठचा पट्टा उघडा पडतो. यावर चाललेला एक साधा मार्ग असा की दोन्ही काठ मिळून एकच जोडी नेमायची. सोसायटीचं शुल्क थोडं जास्त, वस्तीचं कमी, पण एकाच वहीत. तुमच्या सभेत यावर आवाज उठेल : ‘त्यांचा कचरा आम्ही का उचलायचा?’ त्यांना चोकअपच्या तक्रारी, डासांच्या फवारणीचा खर्च आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये शिरणारं पाणी, हे तिन्ही दाखवा. शिवाय सोसायटीतला सुका कचरा चांगला भाव देतो : पुठ्ठा, बाटल्या, वर्तमानपत्रं. तो रखवालदाराने परस्पर भंगारवाल्याला विकला तर जोडीचं गणित बसत नाही. मी असे ठराव सोसायट्यांच्या इतिवृत्तात लिहून घेतो, तोंडी ठेवत नाही.

दुसरा दोष म्हणजे विकला न जाणारा सुका कचरा. वेफर, बिस्किटं, शॅम्पूच्या पुड्या यांचं अनेक थरांचं प्लास्टिक कुणी भंगारवाला घेत नाही. म्हणून ते वेचकही बाजूला टाकते आणि ओढ्यात सर्वांत जास्त तेच दिसतं. २०१६ च्या प्लास्टिक नियमांनी ते परत गोळा करायची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली. प्रत्यक्षात तुमच्या प्रभागात त्यासाठी कोण संस्था गोळा करते, किलोमागे वेचकाला काय देते, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. किलोला चार पैसे मिळाले तरी पिशव्या गोणीत जातात, नाहीतर नाही. मात्र त्यासाठी वर्गीकरणाला जागा लागते. छपराची, वाळलेली, ओढ्यापासून लांब. काठावर बसून कचरा निवडला की उरलेला वाऱ्याने खालीच जाणार. तुमच्या आवारातला एखादा कोपरा, पत्रे आणि पाण्याचा नळ एवढं तुम्ही देऊ शकलात तर पन्नास पोस्टरांपेक्षा ते जास्त आहे.

मुंबईतल्या वाचकांसाठी एक आठवण. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात असंच गल्लीपुरतं सुरू केलं आणि त्यावरून महापालिकेची एएलएमची, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना निघाली. अनेक एएलएम पहिली काही वर्षं छान चालल्या आणि उत्साही सदस्य थकले तशा थंडावल्या. स्वयंसेवकांवर रोजचं काम टाकलं की हे होतंच. रहिवाशांनी देखरेख करावी, पैसे गोळा करावेत, कार्यालयाशी भांडावं. रोज कचरा उचलायचं काम पगारी किंवा शुल्कावरच्या माणसाचं असावं.

घरात वेगळं काय करायचं तर ओला, सुका आणि सॅनिटरी, एवढंच. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही ‘स्वच्छ’नेच रुजवलेली पद्धत. त्यामुळे हाताने वर्गीकरण करणारीला पुडी उघडावी लागत नाही. वर सांगितलेल्या चोकअपचा सर्वांत मोठा इलाजही तोच. ज्या वस्तीत सार्वजनिक शौचालय आहे तिथे स्त्रियांच्या प्रत्येक शौचकुपात झाकणाची बादली हवी आणि ती रोज रिकामी व्हायला हवी. बादली नसेल तर पॅड भांड्यातच जाणार, यात मुलींना दोष देण्यात अर्थ नाही.

ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीतच करा. दिवसाला शंभर किलोंवर कचरा करणाऱ्यांवर आणि पाच हजार चौरस मीटरवरच्या गृहसंकुलांवर ती जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच टाकली होती. पण खताच्या पिंपांखालून गळणारं पाणी कुठे जातं ते वाकून पाहा. बऱ्याच सोसायट्यांत पिंपं पावसाळी गटाराच्या जाळीशेजारी मांडलेली असतात, आणि रोज बादल्या धुतलेलं पाणीही त्याच जाळीत ओतलं जातं. पावसाळी गटार शुद्धीकरण केंद्राला जात नाही, थेट ओढ्याला जातं. पिंपं तिथून हलवा, बादल्या ड्रेनेजच्या चेंबरवर धुवा, पिंपात कोकोपीट किंवा वाळका पाला पुरेसा घाला म्हणजे गळणारच नाही.

दुकानांचं वेगळं ठेवा. चिकनवाल्याचा कचरा घरगुती शुल्कात उचला म्हटलं तर वेचक नकार देणारच, आणि तो बरोबरच आहे. तीन-चार दुकानं मिळून झाकणाचं पिंप, रोज रात्री बंद व्हायच्या वेळेला उचल, दर वेगळा. महापालिकेची वेगळी गाडी मिळाली तर उत्तम. दंडाची भीती इथे चालते, कारण दुकानाला परवाना असतो आणि तो वाचवायचा असतो. ओढ्यात किंवा गटारात कचरा टाकायला घनकचरा नियमांत स्पष्ट मनाई आहे. आरोग्य निरीक्षकांना रात्री दहाला एकदा बरोबर घेऊन गेलात तर दिवसा दहा अर्ज करण्यापेक्षा लवकर काम होतं. राडारोड्यालाही हेच : नूतनीकरणाची परवानगी देताना सोसायटीने ठेकेदाराकडून अनामत घ्यावी आणि राडारोडा अधिकृत ठिकाणी टाकल्याची पावती दाखवल्यावरच परत द्यावी.

क्रॉनिक स्पॉट बंद करायला रांगोळी, कुंड्या, देवाच्या टाइल्स यांचा फार गाजावाजा होतो. देवाच्या टाइल्स मला पटत नाहीत. चार पावलं पुढे नवा स्पॉट तयार होतो. जागा एकदा पूर्ण उचलून धुवायची, दिवा लावायचा आणि ज्या वेळेला कचरा पडतो त्या वेळेला दोन-तीन आठवडे कुणीतरी रिकाम्या गाडीसह तिथेच उभं राहायचं. टाकायला आलेल्याला रागवायचं नाही, कचरा हातातून घ्यायचा, घर विचारायचं आणि दुसऱ्या दिवसापासून ते घर जोडीच्या यादीत घालायचं. जागा सुटते ती अशी. तिथे कंटेनर ठेवण्याची मागणी मात्र करू नका. कंटेनर भरून वाहतो आणि उतार ओढ्याकडेच असतो.

पुलावर जाळ्या लावल्याने निर्माल्य टाकणं थोडं कमी होतं, शेजारी कलश असेल आणि तो रोज रिकामा होत असेल तरच. ओढ्याच्या पात्रात आडवी जाळी बसवायचा विचार कुणी मांडला तर विरोध करा. पहिल्या मोठ्या पावसात ती कचऱ्याने बुजून बंधारा होते आणि पाणी वस्तीत जातं. तरंगते अडथळे चालतात, पण रोज सफाईचं कंत्राट असेल तरच. मेमधल्या नालेसफाईत पोकलेनने काढलेला गाळ आठवडाभर काठावर ठेवला जातो आणि वळवाचा पाऊस तो परत आत ढकलतो. गाळ किती तासांत उचलणार हे कामाच्या आदेशात लिहिलेलं असतं का, ते मागून बघा.

गणपतीचं स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे, इथे एवढंच : प्लास्टरच्या मूर्तीच्या घरच्या घरी विसर्जनासाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली आहे. त्यात प्लास्टरमधल्या जिप्समचं रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये होतं. वरचं पाणी पातळ करून बागेला चालतं. ते ओढ्यात ओतू नका, नायट्रोजन जलपर्णीलाही आवडतो.

परिणाम मोजताना रविवारी किती किलो कचरा निघाला हे फोटोखाली लिहायचा मोह आवरा. तो आकडा वाढला तर संकलन फसलं असा त्याचा अर्थ होतो. ओढ्यातल्या पाण्याची एखादी बाटली प्रयोगशाळेत देण्यातही पैसे जातात. वरून मैलापाणी येत असेल तर बीओडी हलणार नाही आणि तुम्हीच निराश व्हाल. त्यापेक्षा महिन्याला तीन नोंदी ठेवा : दोन्ही काठांवरची किती घरं कचरा देत नाहीत, त्या गल्ल्यांमधून चोकअपच्या किती तक्रारी गेल्या, आणि ओढ्यावरच्या ठरलेल्या तीन जागांचे त्याच कोनातून काढलेले फोटो. चोकअपच्या तक्रारी कमी होऊ लागल्या तर समजा की मैला आपल्या लाइनीत राहतोय. ड्रेनेज विभागाकडे गेल्या वर्षीची यादी असते, माहिती अधिकारात मागितली तरी मिळते.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते, ती म्हणजे बदली. वेचक आजारी पडते, गावी जत्रेला जाते, लेकीचं बाळंतपण करते. तीन दिवस कचरा उचलला गेला नाही की लोक जुन्या वाटेने ओढ्यावर जातात आणि गेलेली सवय परत आणायला महिना जातो. म्हणून जोडी ठरवतानाच तिसरी बदलीची बाई ठरवा, तिची रोजची मजुरी कोण देणार ते लिहा, आठवड्याची सुट्टी एकाच वारी द्या आणि तो वार दोन्ही काठांना सांगा. हातमोजे, गमबूट आणि पावसाळ्यात रेनकोट हा खर्च सोसायटीने उचलावा. दिवाळीचा बोनस सगळ्या घरांकडून एकत्र गोळा करून एका हाती द्यावा, दारोदार मागायला लावू नये. बदलीच्या बाईचा फोन नंबर वस्तीतल्या बचत गटाच्या अध्यक्षांकडे आणि तुमच्या गेटवर, दोन्हीकडे असू द्या.